व्हीडीआरएलचा रबरी शिक्का

कळमेश्वरला आमच्या घरी बाया फायली घेऊन येतात. सरकारी नोकरीत प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून माझी तीस वर्षं गेली. निवृत्त झाले तरी गावाला मी ‘लॅबवाल्या बाई’च. डॉक्टरनं इंग्रजीत काय लिहिलंय तेवढं सांगा, इतकंच त्यांचं मागणं असतं. मागच्या उन्हाळ्यात मोहप्याकडच्या एका खेड्यातून सासू आणि सून आल्या. सून चोवीसची असेल. नवरा इथल्याच एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली, पाळीच्या कामावर. पंधरा दिवसांपूर्वी तिला सव्विसाव्या आठवड्यात मेलेलं लेकरू झालं होतं. त्याच्या आदल्या वर्षी पहिलं सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं.

फायलीत सगळ्यात वर सोनोग्राफीचा कागद होता. बाळाच्या पोटात पाणी, छातीत पाणी, डोक्याच्या कातडीखाली सूज, यकृत वाढलेलं, वार जाड. शेवटच्या ओळीत या सगळ्याचं नाव, हायड्रॉप्स. आणि सुट्टीच्या कार्डावर मृत्यूच्या कारणापुढे एकच शब्द, ‘अज्ञात’.

सासूनं विचारलं, “काहून जी बाई, माह्या सुनेच्याच लेकराले पानी काहून भरते? कोनं काही करून ठेवलं काय?”

मी कागद उलटत गेले. दोन्ही बाळंतपणांत ‘टॉर्च’ नावाच्या तपासण्यांचे दोन लांबलचक अहवाल, चकचकीत कागदावर, रंगीत छापलेले. दोन्हींच्या पावत्या हजारावरच्या. आणि उपदंशाची, म्हणजे ज्याला आम्ही लॅबमध्ये व्हीडीआरएल म्हणतो ती साधी तपासणी? पहिल्या खेपेच्या एका कागदाच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा रबरी शिक्का होता, ‘व्हीडीआरएल नॉन-रिॲक्टिव्ह’. तारीख नाही, सही नाही, नोंदवहीचा क्रमांक नाही. दुसऱ्या खेपेला शिक्कासुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिला रक्त द्यायला पाठवलं. तपासणी रिॲक्टिव्ह आली, एकास चौसष्ट, म्हणजे सीरम चौसष्टपट पातळ केला तरी उपदंशाची खूण दिसत होती. नवऱ्याला महत्प्रयासानं आणलं, तोही रिॲक्टिव्ह. दोन लेकरं मातीत गेल्यावर हे कळलं, आणि ते कळायला लागलं चमचाभर रक्त.

तो रबरी शिक्का ज्यानं मारला त्याच्याविरुद्ध मी हा लेख लिहिते आहे, आणि त्याला तो मारू देणाऱ्या प्रत्येकाविरुद्ध. तपासणी न करता ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ लिहिणं हा गुन्हा आहे. माझ्या पेशातल्या माणसांना हे झोंबेल. झोंबू द्या. मी त्याच बाकावर बसून काम केलं आहे आणि शिक्के तयार ठेवणारे टेबल मी पाहिले आहेत.

ही तपासणी करायला किती वेळ लागतो ते सांगते, म्हणजे चुकवण्याचं कारण शिल्लक राहणार नाही. रक्तातला सीरम वेगळा काढायचा, ५६ अंशांवर अर्धा तास तापवायचा, खळगीच्या काचपट्टीवर त्याचा थेंब घ्यायचा, त्यावर अँटिजेनचा थेंब सोडायचा आणि पट्टी चार मिनिटं फिरत्या यंत्रावर ठेवायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. कण सुटे असले तर ठीक, गुठळ्या झाल्या तर रिॲक्टिव्ह. आरपीआर नावाची तिची बहीण तर सूक्ष्मदर्शकाशिवाय, नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. आता बोटातल्या थेंबभर रक्तावर एचआयव्ही आणि उपदंश दोन्ही एकाच किटवर दाखवणारी तपासणीही आली आहे, पंधरा-वीस मिनिटांत निकाल.

एक सापळा मात्र आहे, आणि तो घाईघाईनं काम करणाऱ्याला सापडत नाही. रक्तात प्रतिपिंडं फार जास्त झाली की गुठळी बनतच नाही, काचपट्टी स्वच्छ दिसते. आम्ही याला प्रोझोन म्हणतो. अशा वेळी सीरम पातळ करून पुन्हा पाहावं लागतं. गरोदर बाई, पोटात सुजलेलं बाळ, जाड वार आणि व्हीडीआरएल ‘निगेटिव्ह’, असं चित्र दिसलं की डॉक्टरनं लॅबला फोन करून सांगायला हवं, सीरम पातळ करून परत बघा. माझ्या सगळ्या नोकरीत असे फोन मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले.

हायड्रॉप्स म्हणजे काय, हे त्या सासूला मी जसं सांगितलं तसंच इथे सांगते. बाळाच्या अंगात जिथे जिथे पोकळी आहे तिथे पाणी साचायला लागतं. पोट, छाती, हृदयाभोवतीची पिशवी, कातडीखालचा थर, यांतल्या निदान दोन ठिकाणी पाणी दिसलं की डॉक्टर हे नाव देतात. हा रोग नव्हे, रोगाची खूण आहे. ताप आला म्हणजे कशामुळे आला ते शोधावं लागतं, तसंच. पूर्वी यामागे बहुतेक वेळा आई-बाळाच्या रक्तगटाचं न जुळणं असायचं. आई आरएच निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह, आणि आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळाच्या पेशी फोडायची. १९६८ पासून अँटी-डी इंजेक्शन आलं आणि तो प्रकार कमी होत गेला. आता दहातल्या नऊ हायड्रॉप्सची कारणं वेगळी असतात: हृदयातले दोष, गुणसूत्रांतले दोष, रक्ताचे आजार आणि जंतुसंसर्ग. पुस्तकांत संसर्गाचा वाटा पाच ते दहा टक्के दिलेला असतो. वाटा लहान वाटतो. पण बाकीच्या बहुतेक कारणांपुढे आपले हात टेकतात, आणि संसर्गातली दोन कारणं अशी आहेत जिथे उपचार करून बाळ वाचवता येतं. एक उपदंश, दुसरा पार्व्होव्हायरस.

उपदंशाचा जंतू वारेतून बाळाकडे जातो. वार सुजते, फिकट आणि जड होते. बाळाचं यकृत वाढतं, रक्तातलं प्रथिन घटतं, रक्त कमी पडतं, हृदय दमतं आणि पाणी साचत जातं. पार्व्होव्हायरस दुसऱ्या वाटेनं जातो. तो लाल पेशी जिथे तयार होतात त्या कारखान्यालाच कुलूप लावतो. गर्भाच्या लाल पेशींचं आयुष्य मोठ्या माणसाच्या पेशींपेक्षा कमी असतं, रोज नव्या लागतात. कारखाना काही आठवडे बंद राहिला की बाळ पांढरं पडतं आणि फुगतं.

आता त्या चकचकीत ‘टॉर्च’ अहवालाकडे येते. हे नाव १९७१ मध्ये आंद्रे नाहमियास यांनी दिलं. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस आणि हर्पीस या संसर्गांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून ते झालं. हेतू चांगला होता, नवजात बाळात एकसारखी दिसणारी दुखणी डॉक्टरच्या ध्यानात एकत्र राहावीत. आपल्याकडे त्याचं दुकान झालं. बाईचा गर्भ पडला की टॉर्च. मूल राहत नाही, टॉर्च. काही कारण नाही, तरी टॉर्च. आणि गावोगावच्या लॅबमध्ये टॉर्च म्हणून जे पॅकेज विकलं जातं त्यात उपदंश नसतो, पार्व्होव्हायरस नसतो. ज्या दोन संसर्गांत बाळाच्या अंगातलं पाणी उपचारानं उतरू शकतं, नेमके तेच दोन त्यात नाहीत. हे कळूनही जे डॉक्टर हायड्रॉप्सच्या बाईला फक्त टॉर्च लिहून देतात, त्यांनी आपल्या पदवीला काय जागा दिली आहे ते स्वतःला विचारावं.

त्या अहवालात ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ अशी ओळ आली की घरात रडारड होते. आयजीजी म्हणजे हा जंतू कधीतरी, कदाचित लहानपणीच, अंगातून जाऊन आला आणि शरीरानं त्याची आठवण ठेवली. सायटोमेगॅलोव्हायरसचा आयजीजी आपल्या देशात जवळजवळ प्रत्येक बाईच्या रक्तात सापडतो. रुबेलाचा आयजीजी पॉझिटिव्ह येणं तर चांगलं लक्षण, म्हणजे बाळाला रुबेलापासून संरक्षण आहे. आणि याच ओळीवर बायांना महिनोन्‌महिने गोळ्या खायला लावलेल्या मी पाहिल्या आहेत. संत्र्याच्या बागेत मजुरी करणारी बाई, तिची कमाई अशा गोळ्यांत आणि फेरतपासण्यांत जाते. त्या पैशात तिला वर्षभर दूध पिता आलं असतं.

मी टॉर्चमधल्या रोगांना खोटं म्हणत नाही. रुबेलानं बाळ आंधळं होतं हे नॉर्मन ग्रेग यांनी ऑस्ट्रेलियात १९४१ मध्ये दाखवलं आणि आपल्या महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम शाळाशाळांत झाली, ती योग्यच होती. टॉक्सोप्लाझ्मा आणि सायटोमेगॅलोव्हायरसनंही हायड्रॉप्स होतो. योग्य वेळी, योग्य बाईला, दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं रक्त घेऊन ती तपासणी करावी, गरज पडली तर गर्भजल काढून पाहावं. हे काम डोकं लावून करायचं आहे. पॅकेज विकून ते होत नाही.

आणि व्हीडीआरएल का गाळलं जातं? कारण त्यात पैसा नाही. दुसरं कारण लाज. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी ‘भावप्रकाशा’त या रोगाला फिरंग रोग म्हटलं, फिरंग्यांबरोबर आला म्हणून. आमच्याकडे म्हाताऱ्या बाया ‘गरमी’ म्हणायच्या. पुढे ‘गुप्तरोग’ हा शब्द रूढ झाला आणि त्या शब्दानं घात केला. जे गुप्त ठेवायचं त्याची तपासणी कशी मागायची? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि या विषयावर स्पष्ट शब्दांत लिहिलं. त्यांना अश्लीलतेच्या आरोपाखाली कोर्टात ओढलं गेलं, १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. या गोष्टीला नव्वद वर्षं उलटली तरी आमच्या तालुक्यात एखाद्या गरोदर बाईला ‘तुझी गरमीची तपासणी करू’ म्हणायला परिचारिका आवाज खाली आणते.

आणि मग गडचिरोली. राणी बंग आणि अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापली गेली. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक संसर्गाचा काहीतरी आजार होता. त्याआधी कधी तरी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के. हा आपल्या विदर्भाचा अभ्यास. जगानं तो वाचला, त्यावर धोरणं बदलली. आपण आपल्या घरातल्या बाईला विचारलं का?

लाजेचा दुसरा भाग पुरुषांचा आहे आणि तो मला जास्त चीड आणतो. बाईचं रक्त रिॲक्टिव्ह आलं की सासरची पहिली नजर तिच्याकडे जाते. ‘हिला कुठून आलं?’ लग्नाआधी कधी गावाबाहेर न गेलेल्या मुलीला हा प्रश्न विचारलेला मी माझ्या कानांनी ऐकला आहे. नवऱ्याला बोलवा म्हटलं की नवरा रात्रपाळीला असतो, दुसऱ्या दिवशी लग्नाला असतो, तिसऱ्या दिवशी सापडतच नाही. तो आला नाही तर बाईला दिलेलं इंजेक्शन वाया जातं, कारण तो तिला परत संसर्ग देतो. आईवर उपचार करून बापाला मोकळा सोडणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणं. कागदावर ‘जोडीदाराचा उपचार’ असा रकाना असतो. तो रकाना रिकामा ठेवून कार्ड पुढे सरकवणारा प्रत्येक कर्मचारी पुढच्या मेलेल्या लेकराचा भागीदार आहे. तपासणी कक्षात नवरा-बायकोला एकत्र बसवा, ‘दोघांनाही घ्यावं लागेल’ असं सांगा, कुणी कुणाला दिलं याचा पंचनामा करू नका. पंचनाम्यानं एकही लेकरू वाचलेलं नाही.

काही जण मला सांगतात, बाई, आता उपदंश राहिला किती? गरोदर बायांमध्ये तो एक टक्क्याच्याही खाली सापडतो. बरोबर आहे. पण हेच तर तो संपवण्याचं कारण आहे. थोडा आहे तोवर संपतो. क्यूबानं २०१५ मध्ये आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि उपदंश दोन्ही रोखल्याची मोहोर जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळवली, जगात पहिल्यांदा. थायलंडनं २०१६ मध्ये, श्रीलंकेनं २०१९ मध्ये. श्रीलंका काही श्रीमंत देश नाही. तिथल्या सुईणी घरी जाऊन गरोदर बायांची नोंद करतात आणि रक्त तपासलं गेलं की नाही याचा पाठपुरावा करतात. आपल्याकडे आशाताई आहेत, अंगणवाडी आहे, दर महिन्याच्या ९ तारखेला २०१६ पासून चालणारं प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान आहे आणि त्या दिवशीच्या तपासण्यांच्या यादीत व्हीडीआरएल लिहिलेलं आहे. आईकडून बाळाला होणारा उपदंश संपवण्याचं राष्ट्रीय धोरण २०१५ मध्ये जाहीर झालं. कागद पूर्ण आहे. काचपट्टी फिरवणारा हात कमी पडतो, आणि नोंदवही उघडून पाहणारा डोळा.

दुसरीकडे सगळं असूनही ढिलाई केली तर काय होतं, ते अमेरिकेनं दाखवलं. २०२२ मध्ये तिथे जन्मतः उपदंश झालेल्या बाळांची संख्या ३,७०० वर गेली, दहा वर्षांत दहापटीहून अधिक. त्यांच्याच रोग नियंत्रण केंद्रानं म्हटलं की दहातल्या जवळजवळ नऊ बाळांचा आजार वेळेवर तपासणी आणि उपचार झाला असता तर टळला असता. साऱ्या जगाचा २०१६ चा अंदाज ६ लाख ६१ हजार बाळांचा आहे. त्यांत १ लाख ४३ हजार पोटातच गेली किंवा मेलेली जन्मली, ६१ हजार जन्मल्यावर महिन्याभरात गेली.

औषधाची गोष्ट तर मला झोपू देत नाही. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर जॉन महोनी यांनी १९४३ मध्ये पेनिसिलिननं उपदंश बरा करून दाखवला. आपल्या महाराष्ट्रात पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली ती पेनिसिलिन बनवण्यासाठीच, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. ज्या राज्यानं देशाला पेनिसिलिन दिलं त्या राज्याच्या खेड्यात बेंझाथिन पेनिसिलिनची कुपी आज मागितली की उत्तर मिळतं, ‘स्टॉक नाही’. २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत निम्मं निम्मं. संसर्ग नवा असेल तर एक वेळा, जुना किंवा कधीचा ते माहीत नसेल तर आठवड्याच्या अंतरानं तीन वेळा. दुधासारखं पांढरं, घट्ट औषध, जाड सुई, दुखतं खूप. गरोदर बाईसाठी याला पर्याय नाही. बाकीच्या गोळ्यांनी आई बरी झाल्यासारखी वाटेल, बाळापर्यंत भरवशानं पोहोचणारं औषध हेच. आणि बाळंतपणाच्या निदान ३० दिवस आधी ते सुरू झालेलं हवं. म्हणून तपासणी तिसऱ्या महिन्यात हवी, आणि धोका असेल तिथे सातव्या-आठव्या महिन्यात पुन्हा.

‘रिॲक्शन येते’ म्हणून इंजेक्शन द्यायला नकार देणारे डॉक्टर आहेत. भीती पूर्ण खोटी नाही. जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, पण ती फार विरळ. त्यासाठी टेबलावर ॲड्रेनलीनची कुपी भरून ठेवायची, बाईला अर्धा तास बसवून ठेवायचं, आणि ॲलर्जीचा इतिहास असेल तर रुग्णालयात भरती करून थोड्या थोड्या मात्रेनं शरीराला सवय लावायची. हे सगळं माहीत असताना तिला दुसरीकडे पाठवून देणं, आणि दुसरीकडून तिसरीकडे, यात आठवडे जातात. त्या आठवड्यांत बाळाच्या पोटात पाणी वाढत असतं.

नागपूर जिल्ह्यात पार्व्होव्हायरसचं वेगळं बोलायला हवं, आणि ते कुणी बोलत नाही. १९७५ मध्ये लंडनमध्ये यव्हॉन कोसार्ट यांना रक्ताच्या नमुन्यांत तो सापडला, ‘बी’ संचातला १९ वा नमुना, म्हणून बी-१९. मुलांना गालावर चापट मारल्यासारखी लाली येते, अंगावर जाळीसारखं पुरळ, दोन-चार दिवसांत सगळं विसरलं जातं. पण सिकलसेलच्या मुलाला हा झाला की रक्त झपकन खाली येतं, हिमोग्लोबिन तीन-चारवर. विदर्भात सिकलसेलची किती घरं आहेत हे मला कुणी सांगायला नको, आयुष्यभर मी ते नमुने तपासले. अशा मुलाला रक्त चढवायला वॉर्डात आणतात तेव्हा उशाशी बसलेली कोण असते? त्याची आई, मावशी, काकू. तिच्या पोटात चार महिने असतील तर? त्या मुलाच्या श्वासातून, थुंकीतून व्हायरस भरभरून बाहेर पडत असतो. वॉर्डातला डॉक्टर मुलाचं रक्त बघतो, आणि ‘घरात कुणी गरोदर आहे का’ हा एक प्रश्न विचारायचा राहून जातो. तो प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. होकार मिळाला तर त्या बाईचं रक्त पाहायचं, आणि नव्या संसर्गाची खूण आली तर पुढचे आठ ते बारा आठवडे दर एक-दोन आठवड्यांनी बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीतला वेग डॉपलरनं मोजायचा. वेग वाढला म्हणजे बाळ पांढरं पडत चाललंय. मग पोटातच बाळाला रक्त देता येतं. न्यूझीलंडमध्ये विल्यम लायली यांनी १९६३ मध्ये पोटातल्या बाळाला पहिल्यांदा रक्त दिलं, आज ते काम तज्ज्ञ नाळेतून करतात. रक्त मिळून सावरलेली पुष्कळ बाळं निरोगी जन्मतात. पण त्यासाठी कुणीतरी वेळेवर दार ठोठावायला हवं. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. त्याच्या कार्डावर घरातल्या गरोदर बाईचा हा प्रश्न छापायला काय अडतं?

अंगणवाडी ताईंसाठी हेच. दिवसभर पोरांच्या घोळक्यात असतात, कित्येक जणी स्वतः गरोदर. पोरांच्या गालावर लाली दिसली तर आपलं रक्त तपासून घ्या, लाजू नका.

आता मेल्यानंतरचं. विसाव्या आठवड्यानंतर मेलेलं लेकरू झालं तर त्या आईची उपदंशाची तपासणी व्हायलाच हवी, असं अमेरिकेचं रोग नियंत्रण केंद्र डॉक्टरांना लेखी सांगतं. आपल्याकडे मेलेलं बाळ कपड्यात गुंडाळून बापाच्या हाती देतात, तो रात्रीच नाल्याच्या काठी पुरून येतो. वार बादलीत जाते. वजनदार, फिकट, चिखलासारखी झालेली ती वार ओरडून सांगत असते की मला बघा. तिचा इंचभर तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत टाकून पॅथॉलॉजीला पाठवायला कितीसा खर्च आहे? पण बाळंतपणाच्या खोलीत तेव्हा एकच घाई असते, खाट रिकामी करण्याची. आणि कार्डावर लिहिलं जातं ‘अज्ञात’. कारण शोधलंच नाही, तर ‘अज्ञात’ लिहिण्याचा अधिकार कुणी दिला? ‘तपासलं नाही’ असं लिहा. त्या शब्दाखाली सही करायची हिंमत दाखवा.

आणि तपास झाला नाही की जागा अंधश्रद्धा घेते. ग्रहणात भाजी चिरली, नजर लागली, पितर कोपले. मग आदाशाच्या गणपतीला नवस, धापेवाड्याच्या विठोबाला नवस. देवाला जायला माझी ना नाही, मी स्वतः जाते. पण यात एक फसवणूक दडली आहे. उपचार न झालेल्या बाईत जसजशी वर्षं जातात तसतसा बाळावरचा घाव हलका होत जातो. व्हिएन्नाच्या मॅक्स कासोविट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच हे नोंदवलं: आधीचे गर्भ जातात, मग एखादं अपुऱ्या दिवसांचं, मग एखादं जगतं. जगतं, पण कधी कधी रोग घेऊनच जगतं. घरच्यांना वाटतं नवस पावला. त्या लेकराचं नाक बसतं, दात वाकडे येतात, ऐकू कमी येतं, आणि तेव्हाही कुणी त्याच्या आईचं रक्त बघत नाही.

त्या सुनेच्या नवऱ्याला मी चार निरोप पाठवले होते. पाचव्या वेळी सासू स्वतः कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिली, पाळी सुटेपर्यंत. तो आला, मान खाली घालून. “मले कायले सुई? मले तं काहीच होत नाही,” म्हणाला. त्याला मी काचपट्टी दाखवली, त्याच्याच रक्ताची, सूक्ष्मदर्शकाखाली. बराच वेळ पाहत राहिला. तीन आठवडे तो आणि ती बरोबर आली, बरोबर इंजेक्शन घेऊन गेली. सहा महिन्यांनी तिचं रक्त एकास चौसष्टवरून एकास आठवर उतरलं होतं, म्हणजे औषध लागू पडलं.

तो निकाल घ्यायला ती आली तेव्हा एकटीच होती. फाईल तशीच, वरचा सोनोग्राफीचा कागद तसाच. मी सगळं समजावून सांगितल्यावर तिनं एकच विचारलं, “पह्यल्या लेकराचंबी असंच झालं होतं काय जी बाई?”

पहिल्याची वार कुणी पाहिली नव्हती. तिचं रक्त तेव्हा कुणी घेतलं की नाही, ते त्या शिक्क्यावरून कळत नव्हतं. मला तिला उत्तर देता आलं नाही.